सामानापाशी बसलेली

आई, तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुला एक ओळ लिहिलेली नाही. तू होतीस तेव्हाही लिहायची वेळ आली नव्हती. लग्न होऊनही मी महाडातच राहिले, चार गल्ल्या सोडून. तुला वाचता यायचं, पण सावकाश, अक्षरावर बोट ठेवून, म्हणून मी आज जरा सरळ सरळ लिहायचा प्रयत्न करणार आहे. लिहायचं कारण बाबा आहेत. ते आता आमच्याकडेच असतात. गेले काही दिवस ते संध्याकाळी गॅलरीत बसले की एकच वाक्य म्हणतात, आणि ते वाक्य त्यांचं नाही, माझं आहे. पण ते शेवटी सांगते. आधी आपल्या सहलींचं.

बाबांना पोस्टातून रविवारी सुट्टी, आणि सुट्टी घरात बसून घालवली तर ती फुकट गेली असं त्यांचं मत. महाडच्या माणसाला लांब जायची गरज नाही, हेही मत त्यांचंच. पाल्याची लेणी तर पायीच, हमरस्त्याने. सवची गरम पाण्याची कुंडं थंडीत. वाळणकोंडीला झुलत्या पुलावरून मासे बघायला. वरंधा घाटात भजी खायला. शिवथरघळीला धबधबा जरा ओसरला की. पोलादपूरवरून आंबेनळीने महाबळेश्वरला एकदाच गेलो, कारण तिथे बाबांना सगळंच महाग वाटलं आणि ते परतीच्या वाटेत म्हणाले, "हवा आपल्याकडेही असते." आदल्या दिवशी संध्याकाळी तू वाल सोलायला बसायचीस. पहाटे तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं, लसणाची चटणी, चार पुडांचा डबा, फिरकीचा तांब्या, गुंडाळलेली चटई आणि ती मरून रंगाची रेक्झिनची पिशवी, जिचा एक बंद तू साडीच्या काठाने शिवला होतास. हे सगळं उचलून आपण निघायचो, आणि चढ सुरू व्हायचा तिथे सावली बघून तू बसायचीस. "जावा तुमी. मी बसते हितं."

हे इतकं नेमाचं होतं की त्यात काही बघण्यासारखं आहे असं मला कधी वाटलं नाही. लेण्यांच्या पायऱ्यांपाशी तू बसलेली आहेस, मांडीवर पिशवी, बाजूला आमच्या चपलांची रांग. सवला तू सगळ्यांचे कपडे सांभाळते आहेस, आणि आमची आंघोळ उरकली, केस पुसून झाले, की शेवटी दोन मिनिटं काठावर बसून पाय तेवढे पाण्यात सोडते आहेस. आम्ही वरून उतरलो की तू डबा उघडायच्या आधी एक प्रश्न विचारायचीस. दरवेळी तोच. "वारा व्हता काय गो वर?" मी कधी "हो" म्हणायचे, कधी नुसती मान हलवायचे, आणि भाकरीला हात घालायचे.

वाळणकोंडीचा एक दिवस मात्र तुझ्यासकट आठवतो. तिथे चढ नव्हता म्हणून असेल. डोहातले मासे देवीचे, त्यांना कोणी धरत नाही, चुरमुरे टाकले की काळ्या पाठी पाण्यावर येतात. मला चुरमुरे संपल्यावर काय करावं सुचेना, म्हणून मी एक खडा भिरकावला. तू माझं मनगट धरलंस, घट्ट, आणि पुलावरच्या अनोळखी माणसांसमोर मोठ्याने म्हणालीस, "पावणी आलीस ना त्यांच्या घरात? मंग पावण्यासारखी वाग. धोंडं मारतात काय गो?" दोन पोरं हसली. मला माशांचं काही वाटलं नाही. लाज वाटली ती तुझ्या बोलण्याची, त्या "पावणी"ची, त्या "धोंडं"ची. बाबा घरी शुद्ध बोलायचे, शाळेत शुद्ध बोलायला लागायचं, आणि तू मात्र चारचौघांत वाडीवरून हाक मारल्यासारखी बोलायचीस. हे मी तेव्हा वहीत लिहिलं नाही. वहीत लिहिलं, "आज आम्ही सगळे वाळणकोंडीला गेलो. खूप मासे होते."

आणि वरंधा घाटाचा रस्ता. गाडीत तू खिडकीशी बसायचीस, तिथे मात्र हक्काने. वरंध गाव मागे पडलं की काच सरकवून तुझ्या माहेरच्या डोंगराकडे बोट दाखवायचीस, "ती बघ आमची वाट." मला नुसता डोंगर दिसायचा. तू सांगायचीस की त्या उभ्या धारेवर गवत कापायला जायचात, भारा डोक्यावर घेऊन उतरायचात, आणि घरी येऊन पुन्हा पाण्याला जायचात. "पाय कसं ठेवायचं ते पायांनाच म्हायत." बाबा पुढच्या बाकावरून मान वळवून म्हणायचे, "पुरे, बकरीच होतीस तू." तू खूश व्हायचीस. असं हे बाबांचं बोलणं मी किती वेळा ऐकलं असेल! तरीही मी पुढे जे लिहिलं ते लिहिलं.

आता या जानेवारीतला रविवार सांगते. लेकीची बारावी, परीक्षेआधी एक दिवस मोकळा हवा म्हणाली, म्हणून आम्ही चौघं रायगडाला गेलो. ती, तिचे बाबा, मी आणि तुझे हे. आता वर जायला रोपवे आहे. पण आजोबा ऐकायला तयार नाहीत. "डब्यात बसून गड चढायचा असेल तर मी घरीच टीव्हीवर बघतो." त्यांना पायऱ्यांच्या सुरुवातीला बसून चढणारे लोक बघायचे होते. मी बुटाची नाडी बांधत होते. लेक म्हणाली, "आई, प्लीज हां. तुझा गुडघा परत सुजेल, मग आठवडाभर आम्ही ऐकायचं. तू आजोबांजवळ बस ना. बॅगा पण राहतील." तिचे बाबा म्हणाले, "बरोबर बोलतेय ती." दोघंही माझ्या काळजीने बोलत होती, यात मला जराही शंका नाही. आणि माझ्या तोंडून निघालं, "जा तुम्ही. मी बसते इथे."

आई, ते वाक्य किती सहज निघतं! त्यात रुसवा नसतो, त्यागबिग काही नसतो. दोन माणसं एका बाजूने बोललेली असतात, तिसऱ्याने वाद घालत बसायचं तर सगळ्यांचा दिवस बिघडतो, एवढंच. मी बांधलेली नाडी सोडली. ती दोघं वळणाआड दिसेनाशी झाली आणि मला चढायचं होतं हे मला नीट कळलं.

बाजूला एक बाई काकड्या आणि ताक घेऊन बसली होती. तिने बाबांना विचारलं, "काय आजोबा, गड नाय चढत?"

"चढलोय तेवढा पुरे."

"मंग ताक घ्या आन् बसा निवांत. समदीच वर गेल्यावं कसं व्हायचं? खाली बसणारं पन लागतंच ना कोनतरी."

बाबा हसले. मी हसले नाही. काकडीला मीठ लावता लावता मी त्यांना म्हणाले, आणि आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला, "तुम्ही आईला एकदासुद्धा वर नेलं नाहीत. सगळा जन्म तिला सामानापाशी बसवलंत."

हे मी मनात कितीतरी वर्षं म्हणत आले होते. तू गेल्यावर तर रोजच. त्यांनी काकडी हातातच धरली. मग म्हणाले, "एकदा म्हटलं होतं की मी. इथेच. चल म्हटलं. साडी खोचून तयारसुद्धा झाली होती. मग काय झालं कोण जाणे, परत बसली." माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "तू होतीस ना तेव्हा. आठवतंय तुला काही?"

मी म्हणाले, "नाही."

घरी आल्यावर जुन्या वह्या काढल्या. तुला माहीत आहे, मी सगळं लिहून ठेवते, गाडी किती वाजता सुटली, आभाळ कसं होतं. नववीतली वही सापडली. पान सापडलं. माझं तेव्हाचं गोल अक्षर. "रायगड सहल. पोस्टातली तीन कुटुंबं. आम्ही सगळे वर गेलो. आई आली नाही. तिला चढ झेपत नाही." त्या खोट्या ओळी मी दहा वेळा वाचल्या. वाचायची गरज नव्हती, कारण बाबांनी विचारलं त्याच क्षणी मला सगळं आठवलं होतं. खरं तर विसरलेच नव्हते.

तेव्हा रोपवे नव्हता. बाबांच्या साहेबांची मुलगी माझ्या वर्गात होती, ती माझ्याबरोबर, दोघींच्या वेण्यांना सारख्या रिबिनी. बाबा खरंच तुला "चल" म्हणाले. तुझा चेहरा मला आत्ता दिसतो आहे. तू चपला काढून पिशवीत टाकल्यास, साडीचा घोळ गुडघ्यापर्यंत ओढून मागे खोचलास, गवताला निघाल्यासारखा, आणि पहिल्या पायरीवर उभी राहून आमच्याकडे वळून ओरडलीस, "चला गो पोरींनो! आता बघा म्हातारी कशी पळते ती!" म्हातारी कसली, तू तेव्हा आज मी आहे त्याहून लहान होतीस. माझी मैत्रीण हसली. वाईट हसली नाही, तिला गंमत वाटली. पण तुझ्या त्या उघड्या पोटऱ्या, ते ओरडणं आणि तिचं हसणं, सगळं एकदम माझ्या कानात तापलं. मी म्हणाले, "आई, मग सामान कोण बघणार?"

तू माझ्याकडे बघितलंस. मग म्हणालीस, "खरंच की. सामानाचं इसरलेच व्हते." खोचलेली साडी सोडलीस, खाली झटकून सारखी केलीस, पिशवीतून चपला काढून पायात घातल्यास आणि बसलीस. बाबा तोवर पुढे गेले होते. त्यांना ऐकू आलं नाही. दुसऱ्या दोन्ही घरांचं सामान त्यांचं त्यांनी पाठीवर घेतलं होतं. आपलंही घेता आलं असतं.

तुला कळलं होतं का, मला तेच विचारायचं आहे, आणि तेच विचारायची सोय राहिलेली नाही. मी स्वतःची समजूत घालून बघितली, की नववीतली मुलगी, तिला काय कळतं. पण ज्या मुलीला घरी येऊन वहीत कारण बदलून लिहायचं कळतं, तिला सगळं कळत असतं. मग उलटंही म्हणून बघितलं, की कदाचित तुला बसणंच आवडत असेल, आठवड्यात तेवढेच तीन तास कोणी काही मागायला नसायचं. तेही असेल. त्या ताकवाल्या बाईसारख्या कितीजणींशी तू तिथे बोलत बसली असशील. पण ते माझ्या सोयीचं आहे म्हणून त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही. आणि त्या दिवसानंतर बाबा कधी "चल" म्हणाले तरी तू उठली नसतीस, एवढं मला पक्कं माहीत आहे.

बाबांचं वाक्य सांगायचं राहिलं. रायगडाहून आल्यापासून ते गॅलरीत बसतात, समोरच्या डोंगराकडे बघतात आणि म्हणतात, "खरं आहे तुझं. मी नेलं नाही तिला." परवा म्हणाले, "आग्रह करायला हवा होता. मी एकदा म्हटलं आणि पुढे चालायला लागलो." काल जेवताना घास हातात धरून तेच. एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसाने माझं ओझं असं मुकाट्याने डोक्यावर घेतलं आहे, आणि मी त्यांना वरण वाढते आहे.

हे पत्र कुठे जाणार नाही. नववीच्या वहीत, त्याच पानावर ठेवीन. ज्यांना सांगायला हवं ते पलीकडच्या खोलीत पेपर वाचत आहेत. लिहायला बसल्यापासून मी दोनदा उठून त्यांच्याकडे गेले, एकदा चहा द्यायला, एकदा पंखा कमी करायला. दोन्ही वेळा परत येऊन इथे बसले. तुला सांगणं सोपं आहे, तू काही म्हणणार नाहीस. ते म्हणतील, "असू दे गं, लहान होतीस," आणि ते मला ऐकायचं नाही, म्हणून मी त्यांना अजून दोषी ठेवलं आहे. आता पेपर खाली ठेवल्याचा आवाज आला. ते गॅलरीत निघाले असतील. हे संपवते आणि जाते.

एकच राहिलं. त्या दिवशी आम्ही उतरलो, तू डबा उघडायच्या आधी विचारलंस, "वारा व्हता काय गो वर?" मी म्हणाले, "छे, नुसतं ऊन." तुझं काही हुकलं नाही असं तुला वाटावं म्हणून, की मलाच तसं वाटावं म्हणून, मला माहीत नाही.

होता, आई. उभं राहू देत नव्हता.