हात पोचला तिथपर्यंत

२ फेब्रुवारी
दिवसकार्याला आलेले पाहुणे आज परतले. दुपारी मी समुद्राकाठच्या जुन्या बुरुजाकडे गेले. यांनी दुरुस्तीला घेतलेली भिंत तशीच आहे — दगडांच्या सांध्यांत चुना भरलेला, वर ओली गोणपाटं. शेवटचा सांधा भरला, त्याच रात्री हे गेले.

यांचा जोडीदार गवंडी तिथेच होता. म्हणाला, "वहिनी, चुना एकदम वाळला की तडकतो. थोडं थोडं पाणी शिंपडावं लागतं. मी आहे ना." मी म्हटलं, खालचं मी करते, तू शिडीवरचं बघ.

५ फेब्रुवारी
पाणी मारलं.

८ फेब्रुवारी
नणंद आली. "अगं, घरात बस की जरा!" म्हणाली, आणि स्वतःच बादली उचलून सोबत निघाली. बुरुजाचं दार एवढं उंचावर का, तिने विचारलं. यांच्याकडून ऐकलेलं सांगितलं — शिपाई वर चढून शिडी आत ओढून घ्यायचे. समुद्राकडची भिंत खूप जाड, गावाकडची पातळ. माथ्यावर चहूकडे फिरणारी तोफ. शत्रूचं जहाज मात्र कधी आलंच नाही. "एवढी तयारी केली आणि पाहुणे फिरकलेच नाहीत," हे म्हणायचे. नणंद हसली. मीही हसले. मग दोघी भिंतीवर पाणी मारू लागलो.

११ फेब्रुवारी
आता सकाळीही जाते. गोणपाटं निथळेपर्यंत भिजवते. तेवढा वेळ यांचं काहीतरी करतेय असं वाटतं. घरात यांचं करण्यासारखं काही उरलेलं नाही.

१५ फेब्रुवारी
पुरातत्त्व खात्याचे साहेब तपासणीला आले. जोडीदाराने खालच्या सांध्यात खिळा टोचला. सरळ आत गेला. चुना नुसता चिखल. बराच वेळ तो माझ्याकडे बघेना.

"वहिनी, चुन्याला वाराही लागतो. सारखा चिंब ठेवला तर धरत नाही."

त्याने शिडी लावून वर टोचून पाहिलं. वरचा घट्ट होता.

साहेब म्हणाले, "खालचं खरवडून पुन्हा भरा. वरचं काम मात्र सुरेख आहे. कोणी केलं?"

जोडीदाराने यांचं नाव सांगितलं. साहेबांनी मान डोलावली आणि पुढे गेले.

माझा हात पोचत होता, तेवढंच गेलं.

१६ फेब्रुवारी
बुरुजावर गेले नाही. त्या रात्रीपासून दारामागे तसाच अडकवलेला यांचा कामाचा शर्ट काढला. साबणात भिजवला, धुतला, पिळून दोरीवर घातला.