अदलियातलं स्टेज

१८ फेब्रुवारी १९९७, मंगळवार

आज नव्या कोऱ्या काउंटरला साखळीनं बडवलं. ब्रेंडनसाहेबाचा हुकूम! इथं आखातात, अदलियातल्या हॉटेलात आमची कंपनी आयरिश पब बांधतेय, त्याचा हा मॅनेजर. म्हणे, गिऱ्हाइकाला वाटलं पाहिजे की शंभर वर्षं लोक इथंच कोपर टेकून बसतायत. अब्बांनी मला सांधा दिसणार नाही असं सुतारकाम शिकवलं, आणि इथं ओरखडे काढायचा पगार! पण काढले असे, की साहेब हात फिरवत राहिला.

खोलीवर तौकीर चिडवतो, "अन्सारमिया, हजला जाशील तेव्हा सांग, दारूचा काउंटर मीच बांधला म्हणून." मी म्हटलं, माझा संबंध लाकडाशी. ग्लासात काय ओततात ते त्यांचं त्यांना ठाऊक. तरी थोडं खुपतंच.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

म्हसळ्याला मसूदाला फोन. सगळं सांगितलं – पब चांगला झाला की ब्रेंडन कंपनीकडे शब्द टाकणार, मी फोरमन, फोरमनला फॅमिली व्हिसा. इथल्या नईम मोहल्ल्यात दोन खोल्याही बघून ठेवल्यात. ती नुसतं "हं, हं" करत होती. लग्नाला आठ वर्षं झाली, अजून लाजते बायको.

३ मार्च

नकाशात वाजवणाऱ्यांना जागा म्हणून नुसता एक कोपरा! कव्वालांना आम्ही असं कोपऱ्यात बसवत नाही. ब्रेंडनला म्हटलं, साहेब, स्टेज माझ्यावर सोडा. लाकूड उरलंय. हातभर उंच, कडेला वेलबुट्टी. तो काहीतरी बोलणार होता, मी फळी मोजायलाही लागलो.

१२ मार्च

स्टेज झालं. नवरदेवाला बसवावं असं झालंय.

१७ मार्च, सोमवार

फजिती.

आज उद्घाटन, आयरिश लोकांचा सणही आजच. काही मोडलंबिडलं तर असू दे म्हणून मला थांबवलेलं. मटण-बटाट्याच्या रश्श्याचा वास झकास, पण त्यात बिअर घालतात, म्हणून मी ब्रेड-लोण्यावर भागवलं. मग वाजवणारे आले. फिडल, बासरी, डफासारखं एक. माझ्या स्टेजकडे ढुंकूनही बघितलं नाही! कोपऱ्यातल्या टेबलाभोवती एकमेकांकडे तोंड करून बसले, गिऱ्हाइकांना पाठ, आणि झाले सुरू. वाजवलं मात्र फक्कड. माझाही पाय हलायला लागला.

ब्रेंडनला विचारलं, रागावलेत का हे? तो हसला. म्हणाला, आमच्याकडे असंच. एकमेकांसाठी वाजवायचं, बाकीच्यांनी ऐकायचं.

"मग आधी नाही सांगायचं?"

"तू बोलू दिलंस कुठं?"

कान तापले. स्टेजवर लोकांनी जाकिटं आणि पर्सा ठेवल्या होत्या. गेलं फोरमनपद, गेला व्हिसा. मसूदाला आता काय सांगू?

२० मार्च, गुरुवार

फोरमन झालो! ब्रेंडनने शब्द पाळला. काउंटर बघून आमचे इंजिनिअर खूश. स्टेजचा विषय त्यांनी काढला नाही, मी कशाला काढतोय? म्हणाले, "बायकोचा पासपोर्ट मागव." तौकीरनं हलवा आणला. मी म्हणतच होतो. एक स्टेज सोडलं तर माझा अंदाज चुकत नाही. उद्या मसूदाला सांगतो, रडेल वेडी.

२१ मार्च, शुक्रवार

मसूदा यायची नाही. गावातल्या अंगणवाडीत सेविका म्हणून लागलीय ती – वर्ष झालं! दर शुक्रवारी फोन करत होतो आणि मला पत्ता नाही. का नाही सांगितलंस, विचारलं, तर म्हणाली, "तुमचं सांगून होईपर्यंत फोनचं कार्ड संपायचं." मग हळूच म्हणाली, "माझी तीस पोरं सोडून मी नाही यायची. तुम्हीच या. लाकूड इथंही मिळतं."

आज कार्डात पुष्कळ मिनिटं शिल्लक होती. म्हटलं, बरं, तुझ्या त्या तीस पोरांचं सांग.