कुंपणातलं धनुष्य

बॅरन फोर्कचा ओढा, ओक्लाहोमा
६ सप्टेंबर १९६६

अनिवेक पम्पकिन हिला लुसिंडा बेअरपॉचा सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच आहे, कोंबडी चिखलात नाचून गेल्यासारखं. शाळेच्या वसतिगृहातून दोघी तिसरीतच पळालो हे खरं, पण पळण्याआधी मी निदान रेघेवर लिहायला शिकले होते.

तुझी अट वाचली. लग्नात नवऱ्यानं हरणाची मांडी आणायची आणि नवरीनं मक्याचं कणीस, ही चेरोकींची रीत मला काय सांगतेस? माझ्या लग्नातही तेच झालं. पण ते हरीण बंदुकीनं मारलेलं होतं. तुझ्या नवऱ्यानं तर मेव्हण्याकडून मागून आणलं होतं, हे सगळ्या डोंगराला माहीत आहे. आता तुझी नात हवी तर माझ्या नातवानं हरीण स्वतः मारायचं, धनुष्यानं मारायचं, आणि ते धनुष्यही स्वतःच घडवायचं! बाई, चंद्र नको का आणून द्यायला?

तरी एमॉस तयार झाला. डेल्फियापायी तो विहीरसुद्धा खणेल. माझ्या लेकीचा हा मुलगा चार वर्षांचा असताना लॉस एंजेलिसला गेला, आता सत्तावीस वर्षांचा घोडा आहे. विमानाच्या कारखान्यात पंखांना रिवेट मारतो. वीस दिवसांची रजा काढून आलाय. येताना वही आणली. पहिल्या पानावर लिहिलंय, सुरुवात कशी करावी. पुढची वही कोरी आहे.

आपल्यात हे शिकवणं मामाचं काम, म्हणून मी माझ्या मुलाला, जेसला बोलावलं. जेस आला, बादली उपडी घालून तिच्यावर बसला आणि गप्प. बघून शिकायचं असतं, असं मी एमॉसला सांगितलं. तर म्हणतो, आजी, बघू काय, मामा काही करतच नाहीये. जेसचं म्हणणं, भाचा आधी चुकू दे, मग कळेल त्याला काय दाखवायचं ते.

मग एमॉसनं ओढ्याकाठचं बोडार्क तोडलं, धनुष्याला त्या काटेरी झाडाइतकं चिवट लाकूड दुसरं नाही. हातात काटे घुसले, डोक्यात दोन फळं पडली. घामाघूम होऊन ओंडका अंगणात आणला तेव्हा जेस पहिल्यांदा बोलला. म्हणाला, लाकूड झकास आहे, तीन वर्षांत सुकेल.

डेल्फियाला आशीर्वाद. तुझा लोभ आहे तेवढा पुरे. वाढवलास तर मला संशय येईल.

लुसिंडा

—

ली क्रीकच्या वर
११ सप्टेंबर

लुसिंडाला अनिवेकचा नमस्कार पोचावा, वि. वि.

आमचं हरीण मेव्हण्याचं होतं, पण हरीण तरी होतं. तुझ्या लग्नात आम्ही जी मांडी खाल्ली ती डुकराची होती, असं माझं अजूनही मत आहे.

तीन वर्षं लागतील म्हणतेस. लागू देत. डेल्फिया बावीसची आहे. पंचविशीत बाई काही शिळी होत नाही. ज्याला साधं धनुष्य जमत नाही तो शहरात बायकोला काय सांभाळणार? दोन्हीचा काही संबंध नाही असं डेल्फिया म्हणते, आणि म्हणताना भांडी आपटते. आतापर्यंत तीन कप फुटले. पण अट ती अट. मी चर्चमध्ये सगळ्यांसमोर बोलून बसलेय, आता थुंकलेलं गिळता येत नाही.

जेसला विचारलंय म्हणून सांग. गुडघे कसे आहेत तुझे? माझे तुझ्यापेक्षा बरे असणार. माया असू दे.

अनिवेक

—

बॅरन फोर्क
२१ सप्टेंबर

अनिवेक, लबाड बाई, तुला नमस्कार. वि. वि. काही नाही, सरळ भांडणच आहे.

बोडार्क सुकायला किती वर्षं लागतात हे तुला चांगलं माहीत होतं. तुझ्या बापानं जन्मभर धनुष्यंच केली. तुला हरीण नकोय, धनुष्य नकोय, तुला लग्न लांबवायचंय. खोटं असेल तर तसं लिही, आणि या वेळी रेघेवर लिही.

पण माझा नातू तुझ्याहून हट्टी निघाला. त्यानं विचार केला, या मुलखात सुकलेलं बोडार्क कुठे असतं? कुंपणात! माझ्या नवऱ्यानं तीस वर्षांपूर्वी पुरलेले खांब, वाळवी लागत नाही, कुजत नाहीत. मी टाके घालत बसले होते, वर बघते तर फाटकाचा खांब जागेवर नाही. फाटक जमिनीवर, खेचर रस्त्यावर. खेचर संध्याकाळी चर्चच्या पायरीवर सापडलं. पाद्री म्हणाले, बेअरपॉंच्या घरचं कोणी तरी आलं म्हणायचं.

खांबाचं पुराण ऐक. पहिला त्यानं फळीसारखा सपाट तासला. आता धनुष्याच्या पाठीवर झाडाच्या एका वर्षाच्या वाढीची एकच रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड लागते, हे आपल्याला दुधाच्या दातांपासून माहीत. त्यानं अकरा वर्षं कापून टाकली. वाकवल्याबरोबर असा कडाड मोडला की खेचर पुन्हा गेलं. जेस बादलीवरून हं म्हणाला. एमॉसनं ते वहीत लिहिलं.

दुसरा खांब फोडला तर आतून दोरखंडासारखा पीळ. तिसऱ्यात तारेचा खिळा गडप होऊन बसला होता, माझ्या कुऱ्हाडीची धार गेली. म्हणजे तीन खांब संपले आणि धनुष्य नाही. गाय मक्यात. डुकरं कुठे आहेत ते देवाला ठाऊक.

मी एमॉसला म्हटलं, बाबा, गाईला मारून मांडी पाठवू, अनिवेकला काय कळतंय. तो रागावला. म्हणाला, आजी, मी फसवून लग्न करणार नाही. असला खरेपणा आमच्या घराण्यात कुठून आला कोण जाणे.

उत्तर दे. टाळाटाळ करू नकोस.

लुसिंडा

—

ली क्रीकच्या वर
२७ सप्टेंबर

लुसिंडास नमस्कार.

खोटं नाही. माझ्या थोरल्या दोघी नाती अशाच नवऱ्यांबरोबर लॉस एंजेलिसला गेल्या. वर्षाला एक नाताळचं कार्ड येतं, छापील, खाली फक्त नाव. एकीचं मूल मी अजून पाहिलेलं नाही. डेल्फिया शेवटची. ती गेली की या घरात बोलायला मी आणि चूल.

एमॉस वाईट आहे असं मी कधी म्हटलं नाही. फक्त तो जिथे राहतो ते लांब आहे. अट मागे घेणार नाही. पण अट पुरी केली तर शब्दही फिरवणार नाही. हे मी डेल्फियालाही सांगितलं. चौथा कप हातात होता, तिनं तो खाली ठेवला.

तुझी डुकरं इकडे आलेली नाहीत.

अनिवेक

—

बॅरन फोर्क
१६ ऑक्टोबर

अनिवेक, सप्रेम नमस्कार, वि. वि.

रडू नकोस, मी तसल्या पत्रांना उत्तर देत नाही. कामाचं सांगते.

चौथा खांब सरळ निघाला. एमॉसनं दहा दिवस एकाच रेघेमागे जाऊन पाठ मोकळी केली, कुठेही कापली नाही. मी मनात म्हटलं, जमलं की! एवढ्यात जेस उठून जवळ आला. म्हणजे धनुष्याचा आकार त्याच्या डोळ्यांना पहिल्यांदा पटला म्हणायचं.

पुढे धनुष्याचे दोन्ही हात सारखे वाकायला हवेत म्हणून तासणं सुरू झालं. डावा ताठ, म्हणून डावा तासला. मग उजवा ताठ वाटला, म्हणून उजवा. मग पुन्हा डावा. काचेच्या तुकड्यानं खरड, वाकव, बघ, खरड. मी जेसला म्हटलं, मेल्या, त्याला थांब म्हण. जेस म्हणाला, थांबायचं कुठे ते ज्याचं त्यालाच कळतं. त्याला कळेपर्यंत धनुष्य इतकं बारीक झालं की मीसुद्धा एका हातानं ओढते, आणि माझा खांदा गेली सहा वर्षं कामाला येत नाही. चाळीस पावलांवर बाण जमिनीला लोटांगण घालतो. बारा पावलांपर्यंत मात्र बरा जातो.

रजा संपून कधीच झाली. कारखान्याची दोन पत्रं आली. एमॉसनं दुसऱ्या पत्राच्या पाठीवर बाणाच्या पिसांचं माप आखलं.

बारा पावलांवर उभं राहणारं हरीण कुठून आणायचं, हे मला कळेना. ते मंगळवारी आपणच आलं. कुंपणच नाही म्हटल्यावर कोण येणार नाही? माझ्या सलगमांत मान घालून पाला खात होतं, पाव्हण्यासारखं. एमॉस स्वयंपाकघराच्या दारात, हातात धनुष्य, पायात मोजे. मी मक्याच्या पानांत गुंडाळून भाकरी उकडत होते, मला हलू नकोस म्हणून हातानं खुणावलं त्यानं. बाण फासळ्यांच्या मधून गेला. हरीण ओढ्यापर्यंत पोचलं आणि बसलं. एमॉसनं त्याच्याजवळ बसून क्षमा मागितली. शब्द जेसनं सांगितले. दीड महिन्यात तेवढंच शिकवलं त्यानं, पण बरोबर शिकवलं.

मांडी जेसच्या गाडीतून पाठवतेय, सोबत कातडंही बांधलंय. कातड्यातलं बाणाचं भोक बघून घे. मांडी डुकराची नाही.

लुसिंडा

—

ली क्रीकच्या वर
२० ऑक्टोबर

लुसिंडाला नमस्कार, वि. वि.

मांडी मिळाली. तू पुरेशी खारवली नव्हतीस, मी पुन्हा खारवली. कातड्याच्या भोकात बोट घालून पाहिलं. खरं आहे.

लग्न ५ नोव्हेंबरला, चर्चच्या अंगणात. डेल्फियानं कणीस निवडून ठेवलंय. तिनं आज शिट्टी वाजवत भांडी घासली. मी शब्द फिरवत नाही. फक्त एवढं लिही, ते कधी निघणार? मला दिवस माहीत असला तर बरं पडेल.

अनिवेक

—

बॅरन फोर्क
२४ ऑक्टोबर

अनिवेक, विहीणबाई, आता मानानं नमस्कार, वि. वि.

ते कुठेही निघणार नाहीत. कारखान्यानं एमॉसचं नाव काढून टाकलं. तुझ्या अटीनं त्याची नोकरी खाल्ली. मी त्याला वाईट वाटतं का विचारलं. म्हणाला, विमानाला पंख लावून लावून कंटाळलो होतो, आणि ते वाकले तर साहेब ओरडायचा.

आणि आपल्या रीतीनं जावई बायकोच्या घरी राहायला जातो. म्हणजे तुझ्याकडे. जेवायला चांगला आहे, भांडी घासतो, उरलेले कप वाचतील. सकाळी लवकर उठतो. तुला बोलायला माणूस हवं होतं ना? हा बोलतो. रेघांबद्दल बोलतो, तासण्याबद्दल बोलतो, ओल्या आणि सुक्या लाकडाबद्दल बोलतो, भाकरी गार होईपर्यंत बोलतो.

आता एक गोष्ट सांगते, नंतर सांगितलं नाही म्हणू नकोस. त्याच्या मते हे धनुष्य नुसतं हात बसावा म्हणून होतं. खरं धनुष्य आता करायचंय. मांडी पोचवून जेस परत आला तेव्हा त्यानं सहज सांगितलं की तुझ्या कुरणाभोवतीचं सगळं कुंपण जुन्या बोडार्कचं आहे, खांब सरळ आणि गाठी नसलेले. एमॉसनं वही काढली. किती खांब आहेत ते विचारून लिहून घेतलं.

तुझी गाय बांधून ठेव. लोभ असू दे, तुला आता त्याची गरज पडणार आहे.

तुझी विहीण
लुसिंडा