फोनच्या पाच इयत्ता

रविवार, ५ जानेवारी

नितेशने पातूरच्या मामाला असे सांगितले की, ‘आईला नीट बोलता येईना म्हणून बाबा चिडले आणि तडकाफडकी अमरावतीला निघून गेले.’ चिरंजीवांचे हे निवेदन तपशील आणि तात्पर्य या दोन्ही दृष्टींनी सदोष आहे. खरा वृत्तान्त पुढीलप्रमाणे.

दिवाळीनंतर वच्छलेला पक्षाघात झाला. तेव्हापासून ती अकोल्यास, जठारपेठेत, नितेशकडे आहे. वाचा हळूहळू परतत आहे. परंतु ती आमच्या संसारातली न परतता थेट तिच्या माहेरची, पातूरच्या शेतातली, परतली. ती म्हणाली, ‘मले पानी दे.’ मी पेला हाती धरून एवढेच सुचवले की, ‘मला पाणी दे, असे म्हण.’ पेला माझ्या हाती फार तर मिनिटभर राहिला असेल. तिने तोंड भिंतीकडे वळवले आणि मी खोलीत असेपर्यंत ते तसेच ठेवले. सराव हवा, हे डॉक्टरांचेच शब्द. मग तो मराठीच्या शिक्षकाने घेऊ नये तर कोणी?

त्यानंतर सूनबाई, पौर्णिमा, स्वयंपाकघरात मला म्हणाली, ‘बाबा, थोडे दिवस घरी राहून या. तुम्ही असलात की आई गप्पच राहतात.’ येथील घराकडे कोणीतरी पाहणे आवश्यक होतेच. म्हणून निघालो. चिडलो नव्हतो. डबासुद्धा घेतला होता.

मंगळवार, ७ जानेवारी

माझ्या बटणांच्या फोनवरून वच्छलेशी बोलण्याचा प्रयत्न केला. ती ऐकते आणि फोन पौर्णिमेच्या हाती देते. पौर्णिमा म्हणाली, ‘बाबा, समोर चेहरा दिसला की आई बोलतात. भाजीवालीशीपण बोलतात. तुम्ही व्हिडिओ कॉल करा ना. फक्त एक, त्यांना सुधारू नका.’

अट अनावश्यक होती. सूचना मान्य.

संकल्प: स्मार्टफोन शिकणे. पण पद्धतशीर. बाराखडी न येणाऱ्याच्या हाती कोणी निबंधाचा कागद देत नाही. फोनच्या ज्या ज्या पिढ्या झाल्या, त्या क्रमाने उत्तीर्ण होत जाणार. एकंदर पाच इयत्ता होतात. महिनाअखेरीस वच्छलेसमोर उभा राहीन.

शुक्रवार, १० जानेवारी

साहित्याची अडचण नाही. मागील गल्लीतील धर्मपाल शाळेत विज्ञान शिकवीत असे. त्याने आयुष्यात एकही फोन टाकून दिलेला नाही. खणभर आहेत. माझी योजना ऐकून तो म्हणाला, ‘काहून डोक्याले ताप करून घेऊन राहिले मास्तर? बसमंधी बसा, दुपारच्या जेवनाले अकोल्यात.’ त्याला सांगितले की, बोलावणे आल्यावाचून जाण्याची आमच्याकडे रीत नाही. तो म्हणाला, ‘सोताच्या बायकोकडे?’ विज्ञानाच्या लोकांशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

इयत्ता पहिली. याचा पडदा नखाने किंवा बरोबरच्या काडीने दाबावा लागतो. जोर लावल्याशिवाय ऐकत नाही. हे यंत्र मला मनापासून आवडले. संध्याकाळपर्यंत उत्तीर्ण. धर्मपालची टीका: ‘पन याले समोर क्यामेराच नाई. वहिनी दिसन कशी?’ तो अभ्यासक्रमाच्या पुढे धावतो.

मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत.

नितेशच्या मित्राच्या हाती पौर्णिमेने तिळगूळ आणि एक कोरा फोन पाठवला. सिमकार्ड घातलेले, सर्व जोडणी केलेली. तिने फोनवर बजावले, ‘बाबा, तुम्हाला काहीच करायचं नाही. आम्ही लावू. वाजला की हिरवं चिन्ह बोटाने वर सरकवायचं. बस.’

न्याहाळून पाहिला. पुढे एकही बटण नाही, मागचे झाकण निघत नाही, बॅटरी दिसत नाही. हा पाचवीचा आहे. अभ्यासाच्या टेबलावर चार्जिंगला लावून वर धुतलेला रुमाल घातला. सायंकाळी पौर्णिमेने विचारले, ‘चालू केला ना?’ चालू आहे, असे उत्तर दिले. ते सत्य होते. एवढ्यात कॉल लावू नका, पूर्वतयारी झाली की मीच कळवीन, असेही सांगितले.

सोमवार, २० जानेवारी

इयत्ता दुसरी. येथे दाबणे संपते आणि स्पर्श सुरू होतो. धर्मपालच्या मते फोनच्या इतिहासातली हीच सर्वांत मोठी उडी: काडी गेली, नख गेले, नुसते बोट टेकले की पुरे. बोटातली सूक्ष्म वीज पडदा ओळखतो म्हणे.

माझे ओळखत नाही. दहादा टेकवावे तेव्हा एकदा. धर्मपाल शांतपणे म्हणाला, ‘मास्तर, बोट सुकलं तुमचं. त्याले तुमी जिते वाटूनच नाई राहिले. जरा ओलं करा.’

ओले केल्यावर सगळेच एकदम उघडले. आठवडाभर पहिलीची उजळणी करावी, असे ठरवले. नखावर माझा हात बसला आहे.

बुधवार, २९ जानेवारी

पौर्णिमेचा फोन. वच्छला आता बरीच बोलते. काल हसली. आणि विचारले, ‘मास्तर काहून नाई दिसत?’

वाक्य पूर्ण होते, कर्ता योग्य होता. समाधान वाटले. कळवले की, दुसरीत किंचित थांबलो आहे, लवकरच दिसेन. पौर्णिमा म्हणाली, ‘बाबा, आई रोज संध्याकाळी केस विंचरून घेतात. कॉल येईल म्हणून.’ महिनाअखेरीचा संकल्प पंधरा दिवस पुढे ढकलला. घाईने शिकलेले टिकत नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

दुसरी सोडून दिली नाही. वर चढवलो गेलो, असे म्हणता येईल. इयत्ता तिसरी: समोर कॅमेरा.

प्रथमच स्वतःला बोलताना पाहिले. पहिल्या कॉलसाठी वच्छलेकडून म्हणवून घ्यायची बारा वाक्ये तयार केली आहेत, ती कॅमेऱ्यासमोर म्हणून पाहिली. प्रत्येक वाक्यानंतर मी ओठ आवळून वाट पाहतो, हे मला ठाऊक नव्हते. भुवया वर जातात. धर्मपाल मागून म्हणाला, ‘हे तोंड वहिनीले दाखवता का? पोट्टे या तोंडाले भिऊन पाटी पुसत होते.’ प्रकाशयोजना चुकीची होती. दिव्याची जागा बदलली. तोंड तसेच दिसले. कॅमेरा जुना आहे.

सोमवार, १७ फेब्रुवारी

इयत्ता चौथी. फोन अंगठ्याचा ठसा घेतो आणि मालक ओळखून उघडतो. माझा ठसा घेतच नाही. ‘पुन्हा प्रयत्न करा’ हे एकच वाक्य तो दाखवतो. आयुष्यभर खडू धरल्याने रेषा झिजल्या असाव्यात. धर्मपाल म्हणाला, ‘सोडा ना हे सगळं. नवा फोन उचला, वर सरकवा, वहिनीले पाहा, रडा, मोकळे व्हा.’ चौथीत अनुत्तीर्ण असताना पाचवीच्या वर्गात बसणे मला जमणार नाही. आणि रडण्याचे कारण काय?

शनिवार, २२ फेब्रुवारी. सायंकाळ.

नवा फोन वाजला. रुमाल काढला. पडद्यावर वच्छलेचे छायाचित्र, खाली हिरवे चिन्ह. मी ते दाबले. सरकले नाही. नखाने दाबले, जोर लावून दाबले. वाजणे थांबले. पुन्हा वाजला. काडी शोधली. मग बोट ओले केले, तर पडदाच ओला झाला. पुन्हा थांबला. तिसऱ्यांदा वाजत असताना फोन घेऊन धर्मपालकडे निघालो. त्याच्या फाटकाशी पोचेतो शांत झाला. धर्मपाल लग्नाला गेला होता.

बटणांच्या फोनवरून अकोल्यास लावता आला असता. परंतु तीन वेळा चुकल्याचे तत्काळ कबूल करण्यापेक्षा रात्री सराव करून सकाळी आपणहून व्हिडिओ कॉल करणे अधिक शोभेल. तसे ठरवले आहे.

रविवार, २३ फेब्रुवारी. सकाळ.

नितेश: आईला पहाटे दुसरा झटका आला, शुद्ध नाही, लगेच निघा.

हे बोलावणेच म्हणायचे. कपडे भरले. राजापेठच्या बसथांब्यावर लग्नसराईची गर्दी; उभ्याने प्रवास झेपणार नाही म्हणून परतलो. उद्या पहिल्या गाडीने. बारा वाक्ये सोबत घेतली आहेत. शुद्ध येईल तेव्हा लागतील.

रविवार, ९ मार्च

काल अकोल्यास तेरावे झाले. जमलेल्या माणसांना नितेश सांगत होता, ‘आईने रविवारी बाबांना फोन लावला, बाबांनी घेतलाच नाही. सोमवारी कळवलं, तर बाबा मंगळवारी पोचले.’ चारचौघांत त्याला थांबवले नाही. कोणत्याही नोंदीत तारखा तरी बिनचूक असाव्यात, म्हणून येथे लिहून ठेवतो.

वच्छलेने फोन लावला: शनिवार, २२ फेब्रुवारी. रविवार नव्हे.

नितेशने कळवले: रविवार, २३ फेब्रुवारी. सोमवार नव्हे.

वच्छला गेली: सोमवार, २४ फेब्रुवारी, पहाटे. याविषयी मतभेद नाही.

मी पोचलो: सोमवार, २४ फेब्रुवारी, दुपारी. मंगळवार नव्हे. तिला नेण्यासाठी थांबले होते.

‘मास्तरले म्हना, मी काई बोलत नाई. नुसतं पाहून घेते.’ हे वाक्य पौर्णिमेने काल मला परसात नळाशी सांगितले. ती ते शुक्रवारचे समजते. ते शनिवारचे आहे. तिसऱ्यांदा फोन लावताना वच्छला ते म्हणाली, असे पौर्णिमाच सांगते, आणि फोन तीनदा वाजला तो शनिवारीच.

पहिला व्हिडिओ कॉल मी घेतला: आज, अमरावतीस परतल्यावर. धर्मपालने बाहेरच्या खोलीतून लावला. हिरवे चिन्ह वर सरकवले. पहिल्याच प्रयत्नात उघडला. चित्र स्वच्छ होते.