दर दोन महिन्यांनी एक बाटली

९ फेब्रुवारी २०२५, रविवार. अकोला.

रिटायर होऊन नऊ दिवस झाले. रोजचा पेपर रोज तीन वेळा वाचून होतो. आज मात्र काम मिळालं.

जुईली दोन दिवसांसाठी पुण्याहून आली आहे. पोरगी तिथे एका लहानशा ब्रुअरीत बिअर बनवते. (नातेवाइकांत आम्ही ‘फूड प्रॉडक्ट्स’ एवढंच सांगतो. खोटं नाही ते.) तिने चिखलदऱ्याची कॉफी घालून एक काळी, जड बिअर केली आहे. स्टाउट म्हणतात. ही बिअर ठेवली तर मुरते की बिघडते, ते तिला वर्षभर बघायचं आहे. पुण्यात तीन जण चाखणार, अकोल्यात मी. सहा बाटल्या, नंबर घातलेल्या. दर दोन महिन्यांनी नऊ तारखेला एक उघडायची. थंड, अंधाऱ्या जागी ठेवायच्या. आणि जे लागलं तेच लिहून पाठवायचं.

एक नंबर सोबतच उघडली. मी म्हणालो, कॉफी, काळा गूळ, आणि तव्यावर विसरलेली पोळी. जुईली म्हणाली, बाबा, पोळी एकदम बरोबर. बत्तीस वर्षं बियाण्याच्या लॅबमध्ये सरकी उगवते की नाही ते मोजलं, एवढं कौतुक कोणी केलं नाही.

बायकोचं, म्हणजे सिंधूचं म्हणणं, आता घरात बसून पिऊन राहिले अन् वरून म्हणतात पोरीचं काम आहे. दुर्लक्ष.

जीभ स्वच्छ हवी. उद्यापासून तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद.

१० फेब्रुवारी. सकाळी ८.

खर्रा बंद. काहीच त्रास नाही. माणसात निर्धार पाहिजे.

त्याच दिवशी, सकाळी ११.

अर्धी पुडी. एकदम सोडलं तर जिभेला धक्का बसतो, असं कुठेतरी वाचलं होतं.

२ मार्च.

फ्रिजमध्ये बाटल्या ठेवायला सिंधूची मनाई. नैवेद्याच्या दुधाशेजारी हे चालणार नाही म्हणे. लोखंडी कपाटात ठेवल्या, माझ्या लग्नातल्या सुटाखाली. अंधार उत्तम. थंडाव्याचं उन्हाळा आला की बघू.

९ एप्रिल, बुधवार. सकाळी ११.

दोन नंबर. पाणी पिऊन, चूळ भरून, ग्लास उजेडात धरून. कॉफी कमी झाली आहे. कडूपणा जरा बसला आहे. आणि शेवटी चक्क ढोबळी मिरची. पुन्हा घोट घेतला. ढोबळी मिरचीच.

मग आठवलं, सकाळपासून सिंधू पीठ पेरून ढोबळी मिरची करते आहे. घरभर तोच वास. म्हणजे एरर. खोडलं.

पण मग लिहायला काही उरेना. ‘कॉफी कमी’ एवढं पाठवलं तर पोरगी काय म्हणेल? मोबाइलवर शोधलं, जाणकार लोक अशा बिअरबद्दल काय लिहितात ते पाहिलं. मनुका, खजूर, जुनं चामडं. आता म्हटल्यावर मलाही खजूर लागला. चामडंही असावं. पाठवलं. जुईलीचा लगेच फोन. म्हणाली, बाबा, तुमी तर एकदम प्रोफेशनल लिहिता.

दुपारी सिंधूने भाजी वाढली. चांगली झाली होती.

२२ एप्रिल.

चव्वेचाळीस अंश. कपाटाचं दार उघडलं तर भट्टीचा झोत. सुटाच्या बटणाला हात लावता येईना. बाटल्या चहासारख्या गरम.

यावर उपाय आपल्या वाडवडिलांनीच करून ठेवला आहे. मागच्या मोरीत वाळूत रोवलेला जुना रांजण आहे. कोणी वापरत नाही. पाण्याने भरला आणि चारही बाटल्या आत सोडल्या. पुण्याच्या लोकांना असलं गार तळघर मिळणार आहे? सिंधू म्हणाली, रांजणाले लाज आणली तुमी.

२९ एप्रिल.

रांजण गार आहे. बाटल्याही गार. फक्त लेबलं सुटून पाण्यात तरंगून राहिली आहेत. नंबर लेबलावरच होते.

नव्याने नंबर टाकले. अंदाजाने, पण अनुभवी अंदाजाने.

११ मे, रविवार.

गोवर्धन अमरावतीहून आला. सिंधूच्या बहिणीचा नवरा, माझा साडू. ऊन असं की माणूस दारातच बसला. त्याला थंड काहीतरी द्यायलाच हवं होतं. शिवाय एका माणसाच्या जिभेवर विसंबणं शास्त्राला धरून नाही.

त्याने घोट घेतला, ग्लासाकडे पाहिलं आणि विचारलं, उद्धवराव, हे खोकल्याचं औषध हाय काय? समजावलं की हिला हळूहळू समजून घ्यावं लागतं. मग समजावून देण्यासाठी दुसरी उघडावी लागली. तोवर त्याला ती आवडायला लागली होती. शेव, कांदा, दोन बाटल्या.

या दोन प्रात्यक्षिकात धरल्या. अभ्यासात धरायच्या नाहीत.

९ जून, सोमवार.

तीन नंबर (नवा नंबर). ओल्या पुठ्ठ्यासारखं काहीतरी. फेसाचा पत्ता नाही. मिरची आजही होती आणि आज घरात वांगी होती. विचार केला. पण एप्रिलमध्ये मिरची लिहिली नाही, आता कुठून आणणार? लॅबमध्ये रजिस्टरला सुसंगती लागते. लिहिलं: ‘खजूर अधिक गडद. प्रगल्भता येते आहे.’

पुठ्ठा सोडला. पुठ्ठा वाचून कोणाला आनंद होतो?

खर्रा: दिवसाला दोन. आधी तीन होते, म्हणजे प्रगती.

९ ऑगस्ट, शनिवार.

आज उघडायची होती. एकच उरली आहे. ती उघडली तर ऑक्टोबर आणि डिसेंबरला काय उघडू? म्हणून उघडली नाही. फेब्रुवारी, एप्रिल, जून यांचा कल बघून ऑगस्टची चव काढली. याला एक्स्ट्रापोलेशन म्हणतात. लॅबमध्ये साहेब लोक सर्रास करायचे.

लिहिलं: ‘मनुका, जुन्या लाकडाची ऊब, लांब रेंगाळणारा शेवट.’ माझंच वाक्य वाचून मला प्यावीशी वाटली.

संध्याकाळी जुईलीचा फोन. बाबा, तुमच्या नोंदींवर भरवसा ठेवून चारशे बाटल्या मुरवायला काढून ठेवल्या. सर तयार नव्हते. मी म्हटलं, माझे बाबा लॅबचे आहेत, नसलेलं लिहीत नाहीत.

फोन ठेवल्यावर बराच वेळ व्हरांड्यात बसलो. सिंधूने विचारलं, काहून असे बसले? म्हटलं, दमलोय. खरंच दमलो होतो. काही न करता माणूस इतका कसा दमतो, कळत नाही.

ठरवलं. शेवटची बाटली डिसेंबरपर्यंत जिवापाड जपायची.

२३ ऑगस्ट, शनिवार. पोळ्याची कर.

गोवर्धन आला. करीचा दिवस. मटण त्याने आणलं होतं. आपल्याकडून काही नको का?

सविस्तर लिहीत नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार.

ऑक्टोबरपर्यंतचा पूर्ण रिपोर्ट पाठवला. नऊ पानं, दोन आलेख. निष्कर्ष: ही बिअर दोन वर्षं सहज मुरेल. आलेख तर फारच सुरेख आला आहे, एकही बिंदू रेषेबाहेर नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार.

जुईली दिवाळीला आली. डोळ्यांखाली काळं. जेवताना सांगितलं. पुण्याच्या तिघांनाही जूनपासून बिअर उतरलेली लागते आहे. तिचे सर म्हणतात, चारशे बाटल्या ओतून टाका. ही एकटी अडून बसली आहे, माझा रिपोर्ट धरून. शेवटी ठरलं की अकोल्याची डिसेंबरची बाटली पुण्यात आणायची, सगळ्यांसमोर उघडायची आणि काय तो फैसला करायचा. बाबा, जाताना बॅगेत नीट गुंडाळून द्या, म्हणाली.

मी म्हणालो, देतो की. सिंधूने माझ्याकडे पाहिलं आणि भात वाढला.

मागे जाऊन रांजणात हात घालून पाहिला. का, ते माहीत नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार. पहाटे.

रस्ता निघतो. बाटली म्हणजे शेवटी काय? काच आणि आत काळी बिअर. रिकामी बाटली आहेच, झाकण जपून ठेवलं आहे. अमरावती मोठं शहर आहे, काळी बिअर मिळणारच. घरात सांगितलं, गोवर्धनकडे फराळ पोचवून येतो.

त्याच दिवशी. संध्याकाळी ७.

अमरावतीत पाच दुकानं पालथी घातली. शेवटचा दुकानदार म्हणाला, काका, स्ट्राँग हाय, माइल्ड हाय, कारी नाही भेटत इकडे. तुमाले कारीच कायले पाहिजे?

मग गोवर्धनच्या स्वयंपाकघरात स्ट्राँग बिअर, चिखलदऱ्याच्या कॉफीचा काढा आणि काळा गूळ. रंग हुबेहूब. झाकण हातोडीने बसवलं. दोन तास एसटीत पिशवी मांडीवर धरून आलो. बडनेऱ्याच्या पुढे पॅन्ट ओली झाली. शेजारचा माणूस उठून दुसरीकडे बसला. मी त्याला समजावलं नाही.

दार जुईलीने उघडलं. पिशवी हातात घेतली. वास घेतला, एकदाच. म्हणाली, बाबा, ही आमची नाही.

फराळाचा डबा पिशवीतच राहिला होता, तो तिच्या हातात दिला.

२० ऑक्टोबर, सोमवार.

सकाळी अंघोळी झाल्यावर जुईली समोर येऊन बसली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. बाटल्या कुठे ठेवल्या, कधी उघडल्या, कोणी प्यायल्या, एकेक विचारत गेली. मला तारखा आठवेनात. मग ही वही काढली आणि वाचून दाखवली. रांजण वाचला, प्रात्यक्षिक वाचलं, पोळ्याची करही वाचली. ही वही मी कोणासाठी लिहिली नव्हती.

एप्रिलच्या पानावर तिने थांबवलं. पुन्हा वाचा म्हणाली. पुन्हा वाचलं. कॉफीची बिअर उतरायला लागली की तशी मिरची लागते, पुण्याच्या लोकांनाही तीच लागली, पण जूनमध्ये. सगळ्यांच्या आधी तुमालेच लागली होती बाबा, म्हणाली. मग खोडलं काहून?

काय सांगणार? तू शाबासकी दिलीस, आणखी हवी होती, असं साठीच्या बापाने पोरीला कसं सांगायचं? पण सांगितलं. सिंधू आत भांडी घासत होती, ती थांबली.

पोरीची नोकरी जाणार नाही. चारशे बाटल्या जातील आणि तिचा शब्द जाईल. वाईट वाटतंय. एवढं साधं वाक्य लिहायला इतके महिने लागले.

मग तिने बॅगेतून फॉर्म काढला. नमुना क्रमांक, ठिकाण अकोला, चाखणाऱ्याचं नाव उद्धव, वय, अनुभव. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘नमुना बाद’. अक्षर माझ्यासारखंच आहे तिचं. मी तिच्या जागी असतो तर हेच लिहिलं असतं, आणि इतका वेळही लावला नसता.

खाली माझी सही लागत होती. चष्मा सापडेना. तिनेच शोधून आणला, ओढणीने पुसून दिला आणि कुठे सही करायची तिथे बोट ठेवलं.

केली.