पथारीवरचा पाटा

माय,

तुझी आठवण काढायला मला वेळ नसतो, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर तू म्हणशील, पोरगी मोठी झाली नि माजली. आज वेळ आहे, कारण कारखाना बंद आहे. डोंगराकडच्या साऱ्या बाया होळीला आपापल्या गावी गेल्या, म्हणून मी बाकीच्यांनाही सुट्टी देऊन टाकली. शेडमध्ये मी एकटीच बसले आहे. यंत्रं बंद असली तरी मिरचीचा खाट काही जात नाही, मघापासून चार वेळा शिंकले. आणि हे मी पुस्तकी मराठीत लिहिते आहे त्यावर हसू नकोस. शाळेत तूच घातलंस. आपली अहिराणी मला बोलता येते, कागदावर उतरवायला गेलं की हात अडखळतो.

हो, कारखाना. तू तो पाहिला नाहीस. तुझ्या वेळी मिरचीचं काम म्हणजे पथारी. गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर ओली मिरची पसरायची, उन्हात वाळवायची आणि बायांनी रांगेत बसून देठ खुडायचे. नजर जाईल तिथवर लालच लाल, आणि त्यात तोंडाला फडकं बांधून बसलेली तू, पथारीची मुकादम. संध्याकाळी घरी आलीस की हातांची आग आग व्हायची. ताकाने धुतलेस तरी ते माझ्या तोंडाला लावायची नाहीस. मी चिकटायला आले की कोपराने माझा गाल चोळायचीस. शाळेतल्या इतर पोरींच्या आया हाताने गोंजारतात, हे मला फार उशिरा कळलं. आता माझ्याकडे वाळवायचं यंत्र आहे, दळायचं यंत्र आहे, वर पत्रा आहे, बायांना हातमोजे आहेत. देठ खुडायला मात्र अजून बाईचे हातच लागतात.

हे सगळं आलं कुठून, विचारशील. सरकारकडून. तुझ्या लेखी सरकार म्हणजे तलाठी, आणि तलाठी म्हणजे दारात उभी राहिलेली कटकट. पण आता सरकारचं एक धोरण आहे माय. धोरण म्हणजे काय, तर बायांनी धंदा काढावा, आपल्या जिल्ह्यातला माल कच्चा न विकता इथेच दळून, भरून बाहेर देशात पाठवावा, म्हणून सरकार यंत्राला अनुदान देतं, कर्जाचं व्याज हलकं करतं, परदेशी माल कसा धाडायचा ते शिकवतं. आणि कामावर सगळ्या तऱ्हेची माणसं हवीत, सपाटीवरची, डोंगरातली, या धर्माची, त्या धर्माची, अशीही त्यात अपेक्षा आहे. मी आधी म्हटलं, कागदावर सगळंच गोड असतं. पण उद्योग खात्याची एक मॅडम भेटली. देशावरची आहे, वयाने माझ्या पोरीएवढी. तिने माझ्या मागे असा लकडा लावला की यंत्र येऊन बसेपर्यंत तिने मला आणि तिच्या साहेबांना, दोघांनाही झोपू दिलं नाही. तिचे उपकार मी विसरायची नाही.

या हंगामात आमचा पहिला माल परदेशी जायचा होता. होळीच्या आत ट्रक निघाला पाहिजे, असा वायदा. होळीनंतर डोंगरातलं कोणी लवकर खाली उतरत नाही, हे तुला सांगायला नको. पहिलाच वायदा चुकला तर घेणारा पुन्हा दारात उभा करणार नाही, आणि खात्याची माणसंही त्याच सुमारास पाहणीला यायची होती. म्हणजे माझी अब्रू, बायांचं वर्षभराचं काम आणि त्या मॅडमचा शब्द, सगळं त्या एका ट्रकात भरायचं होतं.

मॅडम एकदा बोलता बोलता म्हणाली, "ताई, तुमच्याकडे इतक्या वेगवेगळ्या भागांतल्या महिला आहेत, त्या एकत्र काम करताना दिसल्या पाहिजेत." ती बिचारी एवढंच म्हणाली. पण मी कोणाची पोरगी? सांगितलं काम अंगावर घेऊन वर चार हात करणारी. दुसऱ्या दिवशी मी टेबलंच मांडली नव्याने. आतापर्यंत डोंगरातल्या, मोलगीकडच्या बाया एका टेबलाला बसायच्या, नवापूरकडच्या ख्रिस्ती बाया दुसऱ्याला, आपल्या रनाळ्याच्या तिसऱ्याला. मी सगळ्यांची सरमिसळ केली. प्रत्येक टेबलाला एक इकडची, एक तिकडची. आणि दळायचं यंत्र थांबू नये म्हणून जेवणाच्या पाळ्या लावल्या. आधी मोलगीवाल्या जेवतील, मग नवापूरवाल्या, मग रनाळेवाल्या. घड्याळ भिंतीवर टांगलं आणि म्हटलं, वा रे मी!

शेड मुकी झाली, माय. मोलगीवालीला शेजारणीची अहिराणी कळेना, नवापूरवालीची कोकणी, म्हणजे समुद्राकाठची नव्हे, तिकडच्या कोकणा लोकांची बोली, तिसरीला कळेना. सगळ्या मान खाली घालून खुडत राहायच्या, आणि माल मात्र रोज कमी. नवी आलेली पोरगी पूर्वी आपल्या गावच्या एखाद्या जाणतीच्या मांडीला मांडी लावून शिकायची, ती आता परक्या बाईकडे बघत अर्धा देठ मिरचीतच ठेवायची. मी ओरडले. मला ओरडता येतं, ते तुझंच देणं. एके दिवशी मोलगीच्या बाया आल्याच नाहीत. फोन लावला तर बंद. जीपवाल्याने सांगितलं, "त्या गठुडं घेऊन वर गयात ताई, होळी लागनी त्यासनी." होळीला तर अजून अवकाश होता.

मग मी मोलगीला गेले, बाजाराच्या दिवशी. जीपमध्ये कोंबड्या, तेलाचे डबे आणि माणसं अशी भरली होती की माझा एक पाय कुठे आहे तेच मला कळत नव्हतं. बाजारात शोधत शोधत गेले तर आमच्याकडची सगळ्यांत जुनी बाई, तिला आम्ही सगळ्याच मावशी म्हणतो, आमचुराचा ढीग मांडून बसली होती. मला बघून ना हसली ना उठली. नुसती पोत्यावर सरकली आणि मला जागा केली.

मी म्हटलं, "मावशी, काम जड झालं का?"

"काम कसलं जड? मिरची ती मिरची," ती म्हणाली. "पण तिथं दिवसभर कोणी माझ्याशी बोलत नाय. नि जेवायला बसलं का तू घड्याळ दाखवते."

मी पोत्यावर सांडलेला आमचूर गोळा करायला लागले. मग ती एका गिऱ्हाइकाला आमचूर बांधून देता देता म्हणाली, "तुझी माय अशी नव्हती करत."

माय, ती तुझ्या पथारीवर होती! लग्नाआधी, आपल्या आईबरोबर खाली उतरायची. मला हे ठाऊकच नव्हतं. तिने कधी सांगितलं नाही, कारण मी कधी विचारलं नाही. "भोंगा झाला का तुझी माय पाटा मांडायची," ती म्हणाली, आणि हाताने हवेत वरवंटा ओढून दाखवला. त्या बाजारात, त्या गोंगाटात मला एकदम तुझ्या पथारीवरची दुपार दिसायला लागली.

मी शाळेच्या सुट्टीत तुझ्याबरोबर आले आहे. सकाळभर बाया आपापल्या गावच्यांजवळ बसून खुडताहेत, आपापल्या बोलीत बोलताहेत, मध्येच कोणी गाणं म्हणतंय. राजस्थानातून येऊन इथलेच झालेले सेठ छत्री धरून फिरताहेत. तुला म्हणताहेत, "बाई, यांना मिसळून बसव. बोली कळली नाही म्हणजे गप्पा बंद." आणि तू पदर खोचून म्हणतेस, "सेठ, बाईनं तोंड बंद करशात ते हात बी बंद पडतीन." सेठ हसताहेत, पण पुढे जाताहेत. मग जेवणाच्या सुट्टीचा भोंगा होतो. तू झाडाखाली पाटा मांडतेस आणि सगळ्यांना हाक मारतेस. एका गोलात. तू पथारीवरची मिरची टाकतेस, डोंगरातली कोणी आमचूर टाकते, नवापूरकडची लसूण, रनाळ्याची शेंगदाणे, मीठ कोणाचंही. जिची पाळी ती वाटते. मी माझा डबा घेऊन दूर बसले आहे, कारण समोरच्या बाईची भाकर काळी आहे आणि मी शाळेत जाणारी आहे. तू तिथूनच ओरडतेस, "आठे ये! मांजर एकली खास. तू मांजर शे का?" एकटं खातं ते मांजर, म्हणून सगळ्या बाया हसतात. माझे कान लाल होतात. मी येऊन बसते, आणि ती काळी भाकर त्या चटणीला लावून खाते, आणि दुसरी मागते. पुढे ते सेठ रोज दुपारी ताकाचा हंडा पाठवायला लागले होते, आठवतं? आधी बायांच्या हातांच्या आगीसाठी, मग पिण्यासाठीही.

"कामले आपलासजोडे, जेवाले समदासजोडे." हे तू कितीदा म्हणायचीस. मला वाटायचं, तुला नुसती माणसं गोळा करून जेवायची हौस आहे. ती तुझी काम चालवायची रीत होती, हे मला त्या आमचुराच्या ढिगाशेजारी बसून कळलं. मी नेमकं उलटं केलं होतं. कामाला परक्यांत बसवलं आणि जेवायला आपापल्यांत.

मावशीला म्हटलं, "चला परत. टेबलं जशी होती तशी लावते. जेवण एकत्र."

"यंत्र?"

"जेवणाच्या वेळी बंद. त्यालाही भूक लागत असेल."

ती हसली. "नि होळी?"

"होळीला सगळ्यांना सुट्टी. मलाही."

"पाटा आहे का?" तिने विचारलं.

पाटा नव्हता. दळायचं एवढं मोठं यंत्र घेतलेल्या बाईकडे साधा पाटा नव्हता. खाली उतरल्यावर सगळ्यांत आधी तो घेतला. बाया आल्या. शेडमध्ये पुन्हा असा गलका सुरू झाला की मला फोनवर बोलायला अंगणात जावं लागायचं, आणि माल भराभर निघू लागला. दुपारी आम्ही ताडपत्रीवर गोल करून बसायचो. पहिले दोन दिवस जरा अवघडलं. मग नवापूरच्या एकीने मावशीला लसूण सोलून दिला, रनाळ्याच्या एकीने कोकणीत पाणी मागून दाखवलं आणि सगळ्यांनी तिची टर उडवली. आता कामाच्या वेळीसुद्धा एखादी या टेबलावरून त्या टेबलावर जाऊन बसते. कोणी सांगत नाही, आपली आपण जाते. वायद्याच्या आत ट्रक निघाला. बायांनी नारळ फोडला, ट्रकवाल्याला हळदकुंकू लावलं, तो बिचारा लाजून लाल झाला.

पाहणीला माणसं आली ती नेमकी जेवणाच्या वेळी. यंत्र बंद, आणि सरकारी अनुदानाच्या त्या यंत्राला टेकून आम्ही पाट्यावर चटणी वाटतोय! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मोठे साहेब बघतच राहिले. मॅडमने मात्र चपला काढल्या आणि सरळ गोलात येऊन बसली. मग साहेबही बसले, गुडघे कुरकुरत. "ही पद्धत कुठल्या प्रशिक्षणात शिकलात?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, आईकडे. कुठे असतात त्या, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मावशीच बोलली, "तिचाच पाटा आहे हा." पाटा तर मी नवा आणला होता. पण मी तिला खोटं पाडलं नाही.

माय, तू मला शाळेत घातलंस, मांजर म्हणालीस, कोपराने माझा गाल चोळलास. सरकारने मला यंत्र दिलं, त्याचे आभार मी मॅडमला तोंडावर मानले. तुझे मानायचे राहून गेले होते. ते या कागदावर मानते आहे. पण हे तुझ्यापर्यंत पोचवायची सोय असती तरी मी पाठवलं नसतं. तुला वाचता येत नव्हतं. कोणाकडून तरी वाचून घेतलं असतंस, आणि हे मला परक्याच्या तोंडून तुला ऐकवायचं नाही.

आणि एक सांगायचं राहिलं. घरी ती चटणी मी किती वर्षं करून बघत होते, तुझी चव कधी आली नाही. एकटीने केली की येतच नसावी. गोलातही इतके दिवस ट्रकच्या काळजीत मी घास नुसते गिळत होते. त्या दिवशी साहेबांसमोर मावशीने वाटलेल्या चटणीचा पहिला घास तोंडात घातला आणि ती आली, जशीच्या तशी. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. साहेबांनी घाबरून पाण्याचा पेला पुढे केला. मी म्हटलं, "काही नाही हो, तिखट लागलं." जन्म मिरचीत गेलेली बाई मी. गोलातल्या एकीचाही विश्वास बसला नाही. मावशीचे हात वाटणाने भरलेले होते, म्हणून तिने कोपराने माझा गाल पुसला.