यंत्र थांबत नाही म्हणजे नाही

सोमवार, ४. सकाळी ८.
लायब्ररीच्या कोडेमंडळाने नवं यंत्र लावलंय. खरं यंत्र नव्हे, पाच ओळींचे नियम. लांब पट्टीवर चौकोन, चौकोनात शून्य किंवा एक. वाचा, बदला, एक घर डावीकडे नाहीतर उजवीकडे सरका. हे कधी थांबतं की अनंतकाळ चालतं, ते सिद्ध करायचं. कॉम्प्युटर वर्ज्य. जो आधी करेल त्याचं नाव हॉलमधल्या बोर्डावर, ऑइलपेंटने, कायमचं. आधीची तिन्ही नावं त्या गुरांच्या डॉक्टरची. त्याला म्हशींची नाडी कळते, लॉजिक नाही. चौथं नाव माझं. शुक्रवारपर्यंत उडवतो.

मंगळवार, ५.
थांबत नाही. बघताक्षणी ओळखलं. एकतीस वर्षं जमीनमोजणीत काढली, नजर आहे. हिने विचारलं, कशावरून. डोकं फिरलं. जेवायचं नाही असं ठरवलं. नऊला जेवलो.

शुक्रवार, ८.
पट्टीच्या टोकापर्यंत जाऊन परत, अशा नऊ फेऱ्या हाताने काढल्या. दर फेरीला एकांची रांग बरोब्बर तीनने वाढते. म्हणजे वाढतच राहणार. सिद्ध. अक्षर सुंदर आलंय.

शनिवार, ९.
ग्रंथपाल बाईंनी कागद परत केले. म्हणाल्या, ही नऊ उदाहरणं झाली, दहाव्या फेरीचं काय. दहावीला काय शिंगं फुटणार आहेत? डॉक्टर शेजारीच होता. त्याने सहानुभूतीने मान हलवली. ती मान मुरगळायची माझ्याकडून राहून गेली.

रविवार, १०.
हिच्यापाशी सगळा संताप ओकला. ही ऑर्डरचे स्वेटर विणते, नक्षी चौकोनी कागदावरच काढते. म्हणाली, नऊ ओळी जमल्या म्हणून दहावी न विणता बाही पुरी होत नाही. काढून बघा ना. मी म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे. शेवटचा बांध न मोजणाऱ्या हाताखालच्या माणसांना मी कसा फाडून खायचो, तेही तिने उकरलं. ते वेगळं.

सोमवार, ११. दुपारी.
ही खिडकीशी बसून चौकोन भरतेय. माझे आखलेले कागद, न विचारता. चहा मागितला तर नुसतं बोट वर केलं. पावणेचारला पेन्सिल ठेवून म्हणाली, थांबलं. मी ओरडलो, काय थांबलं. म्हणाली, यंत्र, दहाव्या फेरीत डाव्या टोकाला दोन शून्यं शेजारी येतात, आणि तसं झालं की थांबा, असं पाचव्या ओळीत लिहिलंय. चहा तिनेच केला. कडू लागला.

मंगळवार, १२.
चार वेळा तपासलं. तिची चूक सापडत नाही. कोड्यातच खोट असणार.

गुरुवार, १४.
बोर्डावर हिचं नाव लागलं. डॉक्टरने तिला वाकून नमस्कार केला, नालायक. हिने बाईंना सांगितलं, ह्यांचंही टाका, कागद ह्यांनी आखले होते. मी ठणकावून नाही म्हटलं. पेंटर ब्रश धुवायला लागला, तेव्हा हो म्हटलं. खाली बारीक अक्षरात आलंय: कागद आखण्यास मदत, यजमान.